अग्निपथ आपल्या घरचं, मग नेपाळ का रुसला?

कृष्णाकाठचा:
परवा सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पाहुण्यांकडं मुक्काम होता. पहिल्या महायुद्धात या एका गावानं ४६ जवान गमावले. पहाटे साडेपाचला पोरं लष्कर भरतीसाठी डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळत होती, एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा. बोलणं एकच, चार वर्षांनी पुढं काय? माझं डोकं मात्र सीमेपलीकडं गेलं. १४ जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांसाठी जवान घ्यायची योजना, जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये नेपाळनं आपल्या लष्करातली नेपाळी गोरख्यांची भरती थांबवली. गोरख्यांबद्दलच्या १९४७ च्या भारत-नेपाळ-ब्रिटन करारात ही योजना बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. निर्णयाआधी शेजाऱ्याशी नीट बोलून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

जुना हवालदार:
आपल्या पलटणीत कोण किती वर्षं राहणार हे काठमांडूला विचारायचं होय? त्याच करारात लिहिलंय की गोरख्यांना बाकी पलटणींसारखंच वागवायचं. मग अपशिंग्याच्या पोराला चार वर्षं अन् नेपाळातल्या पोखऱ्याच्या पोराला पंधरा? आणि नेपाळ रुसला म्हणता, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळनं आपल्या लष्करप्रमुखांना मानद जनरल केलं ते काय?

वाईकर ताई:
दादा, मानाची पगडी एकाच्या डोक्यावर बसते हो. माझी आजी दर महिन्याला आजोबांच्या लष्करी पेन्शनचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बँकेत जायची. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, पण तिच्या लेखी पलटण अजून घर चालवत होती. पोखरा, धरानला भारताची पेन्शन कार्यालयं आहेत, तिथंही अशाच आज्या रांगेत असणार. अग्निवीराला, म्हणजे या योजनेतल्या जवानाला, शेवटी साधारण ११.७१ लाख मिळतात, पेन्शन नाही, आणि चारातले तीन तरी घरी परत. मग त्या डोंगरातल्या घराचा भारताशी संबंध उरतो कुठं? शिवाय १९९६ ते २००६ यादवी सोसलेल्या देशाला बंदूक शिकलेली बेकार पोरं परत आलेली कशी परवडतील?

घाटमाथा:
यादवीचं जरा ताणलंत. गोरखे पूर्वीही पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन गावी येतच होते की.

वाईकर ताई:
येत होते, पण पेन्शन घेऊन.

जुना हवालदार:
पेन्शनचं पटलं. पण मग आधी अपशिंग्याच्या पोरांना द्या, नेपाळचं त्यानंतर बघू.