ग्रीक ‘हिस्तेमि’: ‘एस्तेसान’ या रूपाचा अर्थ कसा ठरवावा?

प्रश्न: प्राचीन ग्रीक शिकताना ‘हिस्तेमि’ या क्रियापदाशी अडलो आहे. ‘त्रोपाइओन एस्तेसान’ म्हणजे ‘त्यांनी विजयचिन्ह उभारले’. पण दुसऱ्या एका उताऱ्यात ‘एस्तेसान’ याच रूपाचा अर्थ ‘ते उभे राहिले’ असा दिला आहे. एकच रूप सकर्मक आणि अकर्मक दोन्ही कसे असू शकते?

उत्तर १: वस्तुतः ही दोन वेगळी रूपे असून केवळ तृतीयपुरुषी अनेकवचनात ती सारखी दिसतात. या धातूला आओरिस्टची, म्हणजे साधारणपणे संस्कृतातील लुङ् लकारासारख्या भूतकाळाची, दोन रूपे आहेत : ‘एस्तेसा’ म्हणजे ‘मी उभे केले’ आणि ‘एस्तेन’ म्हणजे ‘मी उभा राहिलो’. पहिल्यात ‘एस्तेस’ला ‘आन’ लागतो, दुसऱ्यात ‘एस्ते’ला ‘सान’, आणि तृतीयपुरुषी अनेकवचनात दोन्ही एकरूप होतात. वाक्यात कर्म आहे का, एवढे पाहिले की बहुतेक वेळा निर्णय होतो. वर्तमानातील ‘हिस्तेमि’ आणि भविष्यातील ‘स्तेसो’ सकर्मक आहेत.

उत्तर २: संस्कृत येत असेल तर ‘एस्ते’ शेजारी ‘अस्थात्’ ठेवून पाहावे, धातू तोच ‘स्था’. ‘हिस्तेमि’तील ‘हि’ हा ‘तिष्ठति’तील ‘ति’सारखा अभ्यास, म्हणजे धातूच्या आरंभाची पुनरुक्ती, आहे, कारण मूळच्या ‘सि’तील आरंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ झाला, जसा ‘सप्त’ आणि ‘हेप्ता’ यांत दिसतो. मात्र ‘तिष्ठति’चा अर्थ ‘हिस्तेमि’वर लादू नये, अर्थाने ‘हिस्तेमि’ ‘स्थापयति’च्या जवळचे आहे, आणि ‘तिष्ठति’चा भाव मध्यम प्रयोगातील (आत्मनेपदासारख्या) ‘हिस्तामाइ’कडे जातो.

प्रश्नकर्ता: मग ‘हेस्तेका’ कोणत्या गटात धरावे?

उत्तर १: अकर्मक गटात. रूप परफेक्टचे, म्हणजे पूर्ण काळाचे, असले तरी अर्थ वर्तमानाचा आहे, ‘मी उभा आहे’. म्हणून ‘उभा होतो’ यासाठी प्लुपरफेक्ट (पूर्ण भूतकाळ) ‘हेइस्तेकेइन’ येते. हा भेद उपसर्ग लागल्यावरही टिकतो, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते. ‘आफिस्तेमि’ म्हणजे बंडाला प्रवृत्त करणे, पण ‘आपेस्ते’ म्हणजे स्वतः बंड करून फुटून निघणे. इ.स.पूर्व 428 मध्ये लेस्बॉस हे बेट अथेन्सपासून फुटले, हे सांगताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज ‘आपेस्ते’ वापरतो. तिथे सकर्मक अर्थ घेतला, तर लेस्बॉसने दुसऱ्या कोणाला फितवले असा भलताच इतिहास तयार होईल.