कुर्ल्यांच्या कवचांचं कायटोसन विरघळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) कवचांत कायटिन हा न विरघळणारा पदार्थ असतो; त्याचे ॲसिटिल गट (रेणूला जोडलेले छोटे भाग) काढले की सौम्य आम्लात विरघळणारं कायटोसन मिळतं. तेच घडवायचा प्रयत्न आहे. गोव्यातल्या मालिम जेटीवरून आणलेली कुर्ल्यांची कवचं धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून भरडली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली तर फेस भांड्याबाहेर आला, एवढी चुनखडी त्यात! मग ४ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून प्रथिनं काढली. शेवटी ॲसिटिल गट काढायला ५० टक्के कॉस्टिकमध्ये ९० अंशांवर दोन तास ठेवलं. पण १ टक्का ॲसेटिक आम्लात पावडर विरघळतच नाही; फुगून भिजवलेल्या साबुदाण्यासारखी तळाशी बसते. म्हणजे ॲसिटिल गट पुरेसे निघाले नाहीत, बरंचसं कायटिनच उरलं, असं मला वाटतं. वेळ वाढवू की तापमान? फार तापवलं तर रेणूंच्या लांब साखळ्या तुटून द्रावण पातळ होईल, ही धास्ती आहे. आणि कॉस्टिकचं उरलेलं पाणी तुम्ही कसं उदासीन करता? मांडवी नदीत त्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही मला.