दिवेलागणीला ‘घरी जाऊया’ म्हणतात

प्रश्न (म्हापसा): वय 78, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). तिन्हीसांजेला आजी स्वतःच्याच घरात पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहतात. काय करावं?

उत्तर: ‘हेच घर’ असा वाद घालू नका. या आजारात नव्या आठवणी पुसतात, जुन्या टिकतात. त्यांचं ‘घर’ बहुधा माहेर. साडेपाचलाच सगळे दिवे लावा, सावल्यांनी घाबरतात. दुपारनंतर चहा नको. तुळशीपर्यंत फेरी मारून आत आणा.

उत्तर: दोन-तीन दिवसांत अचानक वाढलंय? मग डिलिरियम (अचानक येणारा गोंधळ) असू शकतो. कारणं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तात कमी सोडियम. लगेच दाखवा. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याने गोंधळ वाढतो.

उत्तर: रक्तातलं व्हिटॅमिन बी-12, थायरॉइड तपासलं? गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना गोळ्यांची पाकिटंच न्या, नुसती चिठ्ठी नको.