स्मॉलमाउथ बास माशासाठी फिनेस (हलक्या ल्यूरचा) रॉड घेतलाय, रीळ आणि लाइन कोणती लावू?

नोवीकर

मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरवर कायाकमधून वापरायचा आहे. रॉड ६ फूट १० इंच, मीडियम लाइट, फास्ट ॲक्शन. त्यावर ल्यूर (नकली आमिष) १/१६ ते ५/१६ औंस आणि लाइन ४ ते १० पाउंड (तुटण्याची ताकद) असं छापलंय. नेड रिग (वजनी डोक्याच्या गळाला छोटं मऊ प्लास्टिकचं ल्यूर) आणि ड्रॉप शॉट (टोकाला वजन, त्याच्या वर गळ), बाकी काही नाही.

घरात ४००० नंबरचं स्पिनिंग रीळ पडून आहे, ते चालेल का? नाहीतर शंभर-सव्वाशे डॉलरपर्यंत काय बघू? आणि लाइन सगळी ८ पाउंडी फ्लोरोकार्बनच भरावी, की ब्रेडेड (विणलेल्या) लाइनला पुढे फ्लोरोचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडावा?

खाडीकाठ

४००० नंबर लावू नका. वजनाचा त्रास आहेच (पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम, दिवसभर मनगटावर), पण त्याहून मोठी अडचण स्पूलच्या व्यासाची. मोठ्या स्पूलवरून लाइनची मोठी वेटोळी सुटतात आणि मीडियम लाइट रॉडच्या लहान पहिल्या कडीवर आपटतात. १/१६ औंसाचं ल्यूर मग निम्म्या अंतरावरच पडतं.

२५०० घ्या. शिमानोचं सी३००० म्हणजे २५०० चीच बॉडी आणि मोठा स्पूल, त्यामुळे तेही चालेल. वजन २००-२५० ग्रॅम, गिअर रेशो ६:१ च्या आसपास. जुनं डायवा घेत असाल तर नंबरावर जाऊ नका, एलटी मालिकेच्या आधीचे त्यांचे आकडे शिमानोशी जुळत नाहीत. तुमच्या बजेटात शिमानो नास्की किंवा डायवा फ्युएगो एलटी बसेल, त्याहून स्वस्तात फ्लुगर प्रेसिडेंट ३० नंबर.

बेअरिंग किती, हे विचारत बसू नका. दुकानात ड्रॅग (मासा ओढताना लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) ढिला करून लाइन हळूहळू ओढून बघा. सुरुवातीलाच अडकून मग झटक्याने सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. ६ पाउंडी लीडर तुटतो तो याच झटक्याला.

लाइन: १० पाउंडी ब्रेडेड, पिवळी किंवा हिरवट, पुढे ८ पाउंडी फ्लोरो लीडर. डब्यावरच्या पाउंडांपेक्षा जाडी बघा, ०.१५ मिमीच्या जवळपास हवी. जपानी लाइन असेल तर पीई (त्यांचा जाडीचा नंबर) ०.८. नुसती फ्लोरो २५०० च्या स्पूलवर बसते, पण तिला वेटोळ्यांची सवय लागते आणि थंडीत ती स्प्रिंगसारखी उसळते. शिवाय ती ताणते. नेड रिगला मासा बरेचदा ल्यूर खाली जाताना, लाइन सैल असतानाच तोंडात घेतो. तेव्हा ब्रेडेडचा रंग पाण्यावर सरकताना दिसतो, तोच इशारा.

तंगूसवाला

वरच्याशी सहमत, पण निम्मी भानगड स्पूल भरण्यात असते, त्यावर लिहितो.

ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली तर अख्खा गुंडाळा स्पूलभोवती फिरतो आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. म्हणून तळाला साधं तंगूस (नायलॉनची लाइन) हवं. किती? अंदाज करू नका. आधी १५० यार्ड ब्रेडेड रिळावर घ्या, तिच्यावर तंगूस बांधून स्पूलच्या काठाच्या २ मिमी खालपर्यंत भरा. मग सगळं दुसऱ्या स्पूलवर, तिथून तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यावरून थेट परत रिळावर. आता तंगूस तळाशी, ब्रेडेड वर, आणि माप बरोबर काठाशी. गुंडाळताना ओल्या फडक्यातून लाइन धरा, दाब हवा. सैल भरलेल्या ब्रेडेडचा पुढचा थर मागच्यात रुततो.

काठापर्यंत गच्च भरू नका. हलकं ल्यूर आणि वारा असला की तीन-चार वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. ल्यूर पाण्यावर टेकायच्या आत बोटाने लाइन थोपवा, बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने मिटा (हँडल फिरवून नव्हे), लाइन एकदा हाताने ओढून ताणा, मग गुंडाळा. एवढं पाळलंत तर गुंता क्वचितच होईल.

लीडर ६-७ फूट पुरे. रिळापासून टोकापर्यंत तुमचा रॉड साधारण पावणेसहा फूट, त्यात ल्यूर दीड फूट लोंबतं. लीडर याहून लांब असला तर गाठ स्पूलवर जाते आणि दर फेकीला तिथे लाइन अडते.

नोवीकर

गाठ कोणती? आणि ड्रॅग किती ठेवायचा? बॅगा तोलायचा काटा आहे घरात.

खाडीकाठ

गाठ घरी बांधताना एफजी, वीसेक वेढे. ती बारीक असते, कड्यांतून सहज जाते. कायाकमध्ये गार बोटांनी एफजी जमत नाही, तिथे डबल युनी: ब्रेडेडचे ८ वेढे, फ्लोरोचे ५. आवळण्यापूर्वी ओली करा, कोरडी फ्लोरो घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते.

ड्रॅग ८ पाउंडी लीडरला एक किलो, ६ पाउंडीला पाऊण. विमानतळाचा काटा एवढ्या कमी वजनाला भरवशाचा नाही. पाण्याची बाटली बांधा, एक लिटर म्हणजे एक किलो. रॉड ४५ अंशांत धरून उचला. बाटली जेमतेम उचलली जाऊन लाइन सुटायला लागली की झालं. यापेक्षा घट्ट केलात तर नेडचा बारीक तारेचा गळ सरळ होईल. मासा लागल्यावर हिसका देऊ नका, रॉड बाजूला ओढून गुंडाळत राहा.

पाणथळ

दोन गोष्टी राहिल्या.

झेब्रा शिंपल्या या तळ्यात १९८८ साली सापडल्या. त्यांनी पाणी गाळून काचेसारखं केलंय, म्हणून उन्हाच्या शांत दिवशी ८ पाउंडीवर मासा फिरकला नाही तर ६ पाउंडी लावा. पण त्याच शिंपल्यांच्या धारेने लीडर खरवडतो. शेवटचा हातभर भाग अधूनमधून नखाखालून ओढून बघा, खरखर लागली की कापून गाठ नवी. मस्की किंवा पाइक या धारदार दातांच्या माशांनी लीडर कापला तर मात्र तुमची चूक नाही, त्यावर या सेटअपमध्ये इलाज नाही.

दुसरं, ड्रॉप शॉट. गळाच्या खाली १२-१८ इंच लीडर, टोकाला १/४ औंस वजन. तळं उथळ आहे, सरासरी १० फुटांच्या आसपास, तेवढं पुरतं. डेट्रॉइट नदीच्या धारेत अर्धा औंस लागतो, तो या रॉडवर लावू नका. ड्रॉप शॉट वर ओढताना गरगर फिरतो आणि लाइनला पीळ भरतो. ब्रेडेड आणि लीडरमध्ये बारीक बॅरल स्विव्हल (फिरती जोडकडी) टाकलंत तर पीळ तिथेच सुटतो, गाठीचीही कटकट नाही. फक्त ते टोकाच्या कडीत ओढू नका, आतलं सिरॅमिक तडकतं. म्हणजे ड्रॉप शॉटला लीडर ४-५ फूटच.

नोव्हेंबरात पारा शून्याखाली गेला की ब्रेडेड पाणी धरते आणि कड्यांत बर्फ साचतो. तेवढ्यापुरता नुसत्या ६ पाउंडी फ्लोरोचा दुसरा स्पूल भरून ठेवा.