मदत हवी आहे: आखाती देशांच्या दहशतवादविरोधी चर्चेवर मुलीला बोलायचंय, शनिवारपर्यंत

नाशिककर_बाबा
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. लेक नववीत आहे, शाळेत शनिवारी एमयूएन आहे, म्हणजे ते संयुक्त राष्ट्रांसारखं खोटं खोटं अधिवेशन. तिला विषय आलाय आखाती प्रदेशाची सुरक्षा आणि दहशतवादविरोधी सहकार्य, कमिटी जीसीसी, म्हणजे आखाती देशांची सहकार्य परिषद. ओपनिंग स्पीच ९० सेकंदांचं आणि एक पानी पोझिशन पेपर. रोज रात्री जेवण झालं की वाचायला बसतो पण एका ठिकाणी सगळे भाऊ भाऊ म्हणून गळ्यात गळे घालतायत आणि दुसऱ्या ठिकाणी एकमेकांच्या राजदूतांना हाकलतायत. नेमकी भूमिका काय घ्यायची ते कोणी सरळ सांगेल का? विकिपीडियाच्या लिंका देऊ नका, वाचून झाल्यात. एआयला विचारा हेही नको, शाळेची बंदी आहे.

कडक_चहा
देश कुठला मिळालाय? आणि बैठक कुठल्या सालातली धरायची आहे? हे न सांगता भूमिका कशी सांगणार.

दोहाकर
अहो कतार असेल तर माझ्याकडून घ्या, मी इथेच होतो सगळं झालं तेव्हा. ५ जून २०१७, रमजान चालू, सकाळी उठतो तर व्हॉट्सअॅपवर बातम्यांचा पाऊस की सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तने संबंध तोडले. आरोप काय तर कतार दहशतवाद्यांना पैसा पुरवतो. जमिनीवरची एकुलती एक सीमा सौदीशी, अबू समरा, ती बंद. संध्याकाळी सुपरमार्केटात ही गर्दी, ट्रॉल्या मिळेनात, सौदीचं अलमराई दूध फडताळावरून गायब. मग थोड्याच दिवसांत तुर्कस्तानचं दूध आलं, बाटलीवर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येईना, माझ्या मिसेसने ताक समजून आणलेलं भलतंच निघालं. पुढे तर जर्मनीतून विमानाने गाई आणल्या लोकांनी. ज्यांनी सुट्टीची तिकिटं दुबईमार्गे मुंबई अशी काढली होती ते पार अडकले, मस्कतमार्गे जावं लागलं. आमच्या ऑफिसातल्या एका कतारी माणसाची बायको सौदी, त्याचे काय हाल झाले ते नकोच. तुमच्या मुलीला सांगा, ठणकावून म्हण की दहशतवाद हे निमित्त होतं, खरा राग अल जझीरा या कतारच्या वृत्तवाहिनीवर होता.

स्पर्धापरीक्षा_पंटर
वरचा प्रतिसाद भावनिक आहे, मार्क नाही मिळणार. फ्रेमवर्क लागतं. जीसीसीची स्थापना २५ मे १९८१, अबू धाबी. सदस्य सहा: सौदी, यूएई, कुवेत, कतार, बहरीन, ओमान. पार्श्वभूमी इराणची क्रांती आणि इराण-इराक युद्ध. सामाईक फौज पेनिन्सुला शील्ड. एवढं पहिल्या २० सेकंदांत आलं पाहिजे, मग आव्हानं, मग उपाय, मग पुढची दिशा. मी मुलांना असंच लिहायला लावतो.

कडक_चहा
@पंटर सहाच्या सहा देशांचे प्रतिनिधी समोर बसलेले असताना त्यांना त्यांच्याच संघटनेची स्थापना कधी झाली ते सांगायचं? २० सेकंद?

स्पर्धापरीक्षा_पंटर
बेस मजबूत लागतो. असो.

मस्कतची_मावशी
ओमानबद्दल कुणीच बोलत नाही नेहमीप्रमाणे. २०१७ च्या भांडणात आम्ही कुणाच्या बाजूने नव्हतो, आणि कतारचा माल कुठून जात होता माहितेय का, सोहार आणि सलालाहहून. अमेरिका आणि इराण गुपचूप भेटले तेही आमच्या मस्कतला, अणुकराराच्या आधी. गाजावाजा न करता काम करायचं ही इथली रीतच आहे. भाऊ, लेकीला ओमान मिळाला असेल तर मला व्यनि करा, मी सगळं सांगते.

गेवराईचा_गडी
हे सगळं चर्चाबिर्चा म्हणजे फोटोसेशन असतंय. आमच्या बीडचंच उदाहरण घ्या. गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी म्हणजे अबू जुंदाल, २६/११ ला कराचीत बसून फोनवर अतिरेक्यांना सूचना देणारा. पाकिस्तानी पासपोर्टवर सौदीत होता. त्याला २०१२ च्या जूनमध्ये सौदीने भारताच्या हवाली केलं ते काय जीसीसीच्या ठरावाने? दोन देशांनी आपापसात ठरवलं, काम झालं. २०१० ला मनमोहन सिंग रियाधला गेले तेव्हा प्रत्यार्पणाचा करार झाला होता, त्यातून विश्वास तयार झाला. पोरीने हे बोलावं, टाळ्या पडतील.

दोहाकर
@गेवराईचा गडी, मुद्दा भारी आहे पण जीसीसीच्या कमिटीत भारत येतो कुठे?

गेवराईचा_गडी
उदाहरण म्हणून हो. दहशतवाद काय देश बघून होतो का.

सातारी_कंदी
अवांतर प्रश्न, माफी असावी. भाच्याला आखातात हेवी ड्रायव्हरची नोकरी लागतेय, एजंट दीड लाख मागतोय, म्हणतो व्हिसा आला की लगेच उड्डाण. द्यावेत का? तिकडे सध्या सुरक्षित आहे का?

नाशिककर_बाबा
अहो माझा धागा काय चाललाय काय. देश कुवेत आहे. जीसीसी म्हटलं की सहा देश, भूमिका सगळ्यांची साधारण सारखीच असेल ना, म्हणून नाही लिहिलं. साल २०१७ च, गाइडमध्ये लिहिलंय फ्रीझ डेट १५ जुलै २०१७. आता सांगा.

कडक_चहा
कुवेत!! आणि हे तुम्ही एवढ्या प्रतिसादांनंतर सांगताय. साहेब, त्या महिन्यात सहाच्या सहा देशांची भूमिका सारखी नव्हती हाच तर अख्खा विषय आहे. तीन एका बाजूला (वर इजिप्त), कतार समोर, ओमान गप्प, आणि मध्ये निरोप नेणारा कुवेत. तिला सगळ्यात चांगला देश मिळालाय.

फ्रीझ डेट म्हणजे १५ जुलैनंतर घडलेलं काहीही तिला "माहीत" नाही. २०२१ चा अल-उलाचा समेट, सीमा उघडणं, मिठ्या, सगळं विसरा. तुम्ही वाचलेले गळ्यात गळे त्या वेळचे असणार.

आता क्रम बघा. २१ मे २०१७ ला ट्रम्प रियाधला आले, तिथे सहाही देशांनी अमेरिकेबरोबर दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठी एक केंद्र काढायचा करार केला. कतारचीही सही त्यात. आणि ५ जूनला त्याच कारणावरून कतारची कोंडी. मग कुवेतचे अमीर शेख सबाह स्वतः, वय ८७-८८, सौदी, यूएई, कतार अशा फेऱ्या मारतात. २२ जूनला तेरा मागण्यांची यादी कुवेतच्याच हातून कतारला जाते: अल जझीरा बंद करा, तुर्कस्तानचा तळ हटवा, इराणशी संबंध कमी करा, मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी राजकीय संघटनेशी नातं तोडा, वर पहिलं वर्षभर दर महिन्याला ऑडिट. मुदत दहा दिवस. ती संपत आल्यावर कुवेतने आणखी ४८ तास मागून घेतले आणि मिळाले. ३ जुलैला कतारचं उत्तर आलं तेही कुवेतकडेच दिलं गेलं.

माझ्या मते तिचं सगळं भाषण त्या ४८ तासांवर उभं राहू शकतं. बरोबर कोण हे कुवेत सांगत नव्हता, तो वेळ मिळवून देत होता.

निवृत्त_वाचक
कुवेतचं नाव आलं म्हणून लिहितो. १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दामने कुवेत घेतला तेव्हा माझे थोरले बंधू तिथे होते, बांधकाम कंपनीत अकाउंट्सला. बसने बगदादमार्गे अम्मान, तिथे वाळवंटात तंबूत मुक्काम, मग एअर इंडियाचं विमान. १ लाख ७० हजारांच्या वर भारतीय आणले त्या वेळी. बंधूंकडे परत येताना एक सुटकेस आणि खिशात निरुपयोगी झालेले कुवेती दिनार. मोठ्या शेजाऱ्याने गिळलेला देश आहे तो, त्यामुळे आपल्या कंपूत फूट पडली की त्याच्या पोटात गोळा येतो. मुलीने हे एका वाक्यात जरूर आणावं.

दोहाकर
निवृत्त काका, अगदी बरोबर. पण मी म्हणतो मध्यस्थ असला तरी कुवेतने खरं काय ते बोलायला हवं होतं. आम्ही इथे

कडक_चहा
@दोहाकर तुमचा प्रतिसाद अर्धाच आलाय. आणि मध्यस्थ खरं बोलायला लागला की त्याला दुसऱ्या दिवशी कोण दारात उभं करतं? भाऊबंदकीत बांधाचं भांडण सोडवणारा काका कधी सातबारा वाचून दाखवतो का.

स्पर्धापरीक्षा_पंटर
एक व्हॅल्यू अॅडिशन: अब्दाली सेल. २०१५ मध्ये कुवेतला इराकच्या सीमेजवळ शस्त्रांचा मोठा साठा सापडला, इराण आणि लेबनॉनच्या हिजबुल्लाशी संबंध असल्याचा ठपका. त्यावरून कुवेतने इराणचे पंधरा राजनैतिक अधिकारी कमी करायला सांगितले, २०१७ च्या जुलैमध्येच. हे टाकलं की इराणवर मऊ असल्याचा आरोप खोडता येतो.

कडक_चहा
तो निर्णय २० जुलैचा. फ्रीझ डेट १५. चेअर तिथल्या तिथे पकडेल. २०१५ चा साठा बोलू दे, अधिकारी नको.

स्पर्धापरीक्षा_पंटर
पाच दिवसांनी काय फरक पडतो, कोण बघतंय.

मस्कतची_मावशी
बघतात हो. माझा मुलगा मस्कतच्या इंडियन स्कूलला असताना एका तारखेवरून समोरच्या पोराने त्याला पार निरुत्तर केलं होतं. आणि इराणचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये इराणचे अध्यक्ष रूहानी मस्कत आणि कुवेत दोन्हीकडे एकाच दिवशी येऊन गेले. त्याच्या आधी जानेवारीत कुवेतचे परराष्ट्रमंत्री जीसीसीचा निरोप घेऊन तेहरानला गेले होते. हे फ्रीझ डेटच्या आत बसतं. ओमानचं नावही येईल.

नाशिककर_बाबा
कडक चहा आणि मावशी, धन्यवाद. लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय की तिच्यावर कोणी काय काय फेकू शकतं? सौदी जिला मिळालाय ती मुलगी म्हणे गेल्या वर्षीची बेस्ट डेलिगेट आहे.

कडक_चहा
हा पहिला नीट प्रश्न. तीन गोष्टी फेकतील.

सर्वात टोचणारी ही: सीरियाच्या युद्धात कुवेतमधून खासगी देणग्या गोळा होऊन अतिरेकी गटांपर्यंत गेल्या. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरीचे, म्हणजे अर्थखात्याचे, डेव्हिड कोहेन यांनी कतार आणि कुवेत दोघांचं नाव घेऊन ढिल्या कारभाराचं बोट दाखवलं होतं. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी कतार पिंजऱ्यात तो आरोप मध्यस्थावरही आहे. नाकारायचं नाही. म्हणायचं की कुवेतने त्यानंतर कायदे कडक केले, आणि २६ जून २०१५ ला आमच्याच राजधानीत शियांच्या इमाम सादिक मशिदीत आयसिसच्या आत्मघातकी हल्लेखोराने २७ माणसं मारली, दहशतवाद काय ते आम्हाला शिकवू नका. हल्लेखोर सौदी नागरिक होता, पण ते तिने स्वतःहून काढू नये. सौदीवाली फारच अंगावर आली तर बघता येईल.

दुसरं, २०१२ चा जीसीसीचा सुरक्षा करार. एकमेकांच्या हद्दीत सुरक्षा दलांना मुभा, माहितीची देवाणघेवाण वगैरे. कुवेतच्या संसदेच्या परराष्ट्र समितीने २०१४ मध्ये तो फेटाळला, कारण आमच्या राज्यघटनेत बसत नाही. हा खरं तर कुवेतचा अभिमानाचा मुद्दा, त्या भागात तेव्हा बऱ्यापैकी बोलणारी संसद त्यांचीच होती.

तिसरं म्हणजे रियाध करार, २३ नोव्हेंबर २०१३. कतारने काय काय करायचं याचा गुप्त कागद, त्यावर सौदी, कतार आणि कुवेत तिघांच्या प्रमुखांच्या सह्या. १० जुलै २०१७ ला सीएनएनने तो छापला, म्हणजे फ्रीझ डेटच्या आत. सौदीवाली म्हणेल तुम्ही साक्षीदार आहात, कतारने शब्द मोडला की नाही सांगा. तिथे जपून.

दोहाकर
आणि ११ जुलैला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री टिलरसन दोह्यात येऊन कतारशी दहशतवादाचा पैसा रोखण्याच्या करारावर सही करून गेले, तेही आत बसतं! चौघांनी लगेच म्हटलं पुरेसं नाही. काही केलं तरी पुरेसं नाहीच म्हणणार होते.

गेवराईचा_गडी
म्हणजे शेवटी दोन देशांचाच करार कामी आला ना. मी काय म्हणत होतो.

कडक_चहा
😑

नाशिककर_बाबा
तिने लिहिलेला मसुदा, मराठीत टाकतोय, बोलणार इंग्लिशमध्ये:
"माननीय अध्यक्ष, दोन महिन्यांपूर्वी या सहाही देशांनी दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठी एकाच कागदावर सह्या केल्या. आज त्यातल्या एकाची सीमा बंद आहे. कुवेत कुणाची यादी बरोबर हे ठरवायला आलेला नाही. आम्ही ४८ तास मागितले होते, ते तुम्ही दिलेत. आज आम्ही तीन गोष्टी मागतो: आरोप पुराव्यासकट एका सामाईक समितीकडे द्यावेत, मे महिन्यातल्या केंद्राचं काम थांबू नये, आणि दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांना ये-जा करू द्यावी. २०१५ मध्ये आमच्या मशिदीत माणसं मेली तेव्हा शिया आणि सुन्नी एकत्र अंत्यविधीला आले. त्या दिवशी कुणी यादी विचारली नव्हती."

निवृत्त_वाचक
उत्तम. १९९० राहिलं फक्त.

स्पर्धापरीक्षा_पंटर
उपाय तीनच? पाच हवेत. आणि पुढची दिशा कुठे आहे?

दोहाकर
कुटुंबांचं टाकलंत, बरं वाटलं. माझ्या ऑफिसातल्या त्या माणसाला दाखवतो.

मस्कतची_मावशी
छान लिहिलंय पोरीने. शेवटचं वाक्य मात्र सौदीवाली उलटवेल, "यादी विचारली नाही म्हणूनच हल्लेखोर आत आला" असं म्हणेल. ते काढून तिथे निवृत्त काकांचं १९९० घालायला सांगा.

कडक_चहा
मावशींशी सहमत. आणि "सामाईक समिती" म्हटल्यावर कोण नेमणार हा प्रश्न येणारच. जीसीसीच्या सनदेत वाद मिटवण्यासाठी मंडळाची तरतूद आहेच, पोझिशन पेपरमध्ये त्याचा उल्लेख करा म्हणजे उत्तर तयार राहील.

नाशिककर_बाबा
बदलतेय. पेपर उद्या सकाळी आठला द्यायचाय. कोणी जागं असेल तर रात्री अकरानंतर टाकतो, स्पेलिंग नका बघू फक्त.

सातारी_कंदी
माझ्या भाच्याचं कोणी सांगेल का?

मस्कतची_मावशी
@सातारी कंदी, दीड लाख अजिबात देऊ नका. एजंटला त्याचा आरए (रिक्रूटिंग एजंट) लायसन्स नंबर विचारा आणि ई-मायग्रेटच्या साइटवर तपासा. सरकारने ठरवलेली फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, त्याची पावती मिळते. भाचा दहावी पास नसेल तर एमिग्रेशन क्लिअरन्सही लागेल. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा. देश कुठला आहे?