मदत हवी आहे: सी-६० वरून इलेक्ट्रॉनचे इलास्टिक स्कॅटरिंग, एल = ३ चे शिखर गेले कुठे?

नमस्कार. मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहायला ऐरोलीत. प्रोजेक्टचा विषय आहे फुलरीनवर (कार्बन अणूंचा पोकळ चेंडूसारखा रेणू; माझा सी-६०, म्हणजे साठ अणूंचा) आदळून इलेक्ट्रॉन कसे विखुरतात. फक्त इलास्टिक, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा तेवढीच राहते, दिशा बदलते. एका ठिकाणी अडकले आहे आणि पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे.

साठ अणू वेगवेगळे न धरता मी सी-६० ला एक पोकळ गोल कवच मानले आहे. शोधनिबंधांत नेहमी येणारेच आकडे घेतले: आतली त्रिज्या ५.२६ बोर (अणूंसाठीचे लांबीचे एकक), जाडी २.९१ बोर, विहिरीची (कवचातल्या आकर्षणाची) खोली ०.२६ हार्ट्री, म्हणजे सुमारे ७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रत्येक एल (कोनीय संवेगाचा क्रमांक) साठी श्रोडिंगर समीकरण सोडवून फेज शिफ्ट (विखुरताना इलेक्ट्रॉनची लाट किती सरकते तो कोन) काढते आणि त्यावरून क्रॉस सेक्शन (इलेक्ट्रॉनला रेणू केवढा 'दिसतो' ते क्षेत्रफळ).

१०० इलेक्ट्रॉनव्होल्टला सगळे छान जमते. बॉर्न अंदाजात (वेगवान इलेक्ट्रॉनसाठीचे सोपे सूत्र) पातळ कवचासाठी साइन(क्यूआर) भागिले क्यूआर येते; क्यू म्हणजे संवेगातला बदल, आर म्हणजे त्रिज्या. सरासरी त्रिज्या ६.७ बोर धरली की कोनांनुसारच्या आलेखात पहिला खड्डा १० अंशांजवळ, दुसरा २० जवळ, तिसरा ३० जवळ. माझ्या आलेखातही जवळपास तिथेच आले. त्या दिवशी खूप आनंद झाला होता, कारण रेणूचा आकार नुसत्या कोनांवरून मोजता येतो हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाहिले.

अडचण कमी ऊर्जेला आहे. आधी ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायऱ्या घेतल्या होत्या. क्रॉस सेक्शनच्या आलेखात ०.३० ला एकच टिंब वर उडालेले, आजूबाजूची सगळी खाली. मला ती चूकच वाटली. रात्री पायरी ०.००२ केली तर त्या टिंबाचे नीट शिखर झाले, रुंदी जेमतेम ०.०१. एल = ३ चा फेज शिफ्ट तिथे झपकन ९० अंशांवरून जातो. एका एल चा वाटा ४π गुणिले (२एल+१) भागिले के-वर्ग (के म्हणजे इलेक्ट्रॉनचा तरंगांक) याच्या वर जाऊ शकत नाही. ती मर्यादा तिथे साधारण ३,९९० चौरस बोर येते; शिखर तिला टेकते, ओलांडत नाही. म्हणून खरे मानले.

मग ध्रुवणाचे आकर्षण, म्हणजे येणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे रेणूतला विद्युतभार सरकून होणारी ओढ, घातले (ध्रुवणक्षमता ५४० अणु-एकके, कट-ऑफ त्रिज्या, म्हणजे जिच्या आत ही ओढ वाढू देत नाही ती, ८ बोर) आणि शिखर गायबच झाले! पायरी कितीही बारीक केली तरी दिसत नाही. एल = ४ चा पसरट उंचवटा मात्र आहे, फक्त खाली सरकलाय. कोणते चित्र खरे मानू? की कोडच फसला आहे? काल ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जाताना अख्खा वेळ हेच डोक्यात होते.

प्रतिसाद १
ताई, कोड फसलेला वाटत नाही. शिखर म्हणजे केंद्रोत्सारी अडथळ्यामागे (कोनीय संवेगामुळे कवचाबाहेर उभी राहणारी ऊर्जेची भिंत) थोडा वेळ अडकलेला इलेक्ट्रॉन. तुमच्या कवचाच्या बाहेरच्या काठावर एल = ३ चा अडथळा साधारण २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणून ०.३ वरचा इलेक्ट्रॉन सुटायला वेळ लागतो आणि शिखर अरुंद येते. ध्रुवणाने विहीर अर्धा-पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल होते. ०.३ वरची पातळी शून्याच्या खाली गेली की ती बद्ध अवस्था होते, म्हणजे इलेक्ट्रॉन आतच कायमचा राहतो, मग स्कॅटरिंगमध्ये शिखर कसे दिसणार?

तपासायला एल = ३ साठी ऋण ऊर्जेत समीकरण सोडवून बघा. दुसरी खूण लेव्हिन्सनच्या प्रमेयाची (ते फेज शिफ्ट आणि बद्ध अवस्थांची संख्या जोडते): एक बद्ध अवस्था वाढली की शून्य ऊर्जेपाशी फेज शिफ्ट १८० अंशांपासून सुरू होतो. फेज शिफ्ट काढायला आर्कटॅन (टॅनवरून कोन देणारे फलन) वापरत असाल तर तो १८० गिळून टाकतो. जास्त ऊर्जेपासून सुरुवात करून वक्र सलग जोडत खाली या.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. एक जपा. खऱ्या सी-६० मध्ये जास्तीचा इलेक्ट्रॉन ज्या पातळीत बसतो ती मुख्यतः एल = ५ पासून बनलेली आहे. कवचाला खऱ्या रेणूतले अणूंचे पंचकोन-षटकोन माहीत नाहीत आणि आधीचे भरलेले इलेक्ट्रॉनही माहीत नाहीत. त्यामुळे ०.३ हा आकडा सी-६० चा म्हणून लिहू नका, मॉडेलचा म्हणून लिहा. कट-ऑफ ७ आणि ९ घेऊनही चालवा, पातळी किती हलते ते दाखवा. कोनांचे खड्डे आकारावर अवलंबून आहेत, ते जास्त भरवशाचे. वेळ उरला तर सी-२४० (२४० अणूंचा फुलरीन) करा: पृष्ठभाग चौपट म्हणून त्रिज्या दुप्पट, खड्डे ५-५ अंशांवर आले पाहिजेत.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! आर्कटॅनच होता. सलग जोडल्यावर एल = ३ चा वक्र शून्यापाशी १८० ला जाऊन टेकला आणि ऋण ऊर्जेत, शून्याच्या जराशी खाली, पातळी सापडली. आता कट-ऑफ ७ वर चालवलंय, सकाळपर्यंत आलेख टाकते.