आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार), रात्री जीव घाबरा होतो – मदत हवी आहे

सायली_क:
रात्री दोन-अडीचला आई दचकून उठते. खिडकी उघड, दार उघड म्हणते, माझं मनगट घट्ट धरते आणि "मी आता वाचत नाही" एवढंच बोलत राहते. ऑक्सिमीटर ९३ दाखवतो. आठवड्यात दोनदा इमर्जन्सीत नेलं, दोन्ही वेळा "घाबरल्यात, घरी न्या." घाबरली म्हणजे काहीच झालं नाही, असं कसं? तीन रात्री मी झोपलेले नाही. लवकर सांगा.

प्रशांत७१:
वय? सिगारेट? औषधं? घरी ऑक्सिजन आहे का?

सायली_क:
६८. सिगारेट कुठली, चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. श्वासाचे पंप (इन्हेलर) दोन, एक रोजचा, एक लागेल तसा.

मृद्गंध:
पहाटे कपालभाती सुरू करा. माझ्या दिरांचा दमा त्यानेच गेला.

प्रशांत७१:
दमा वेगळा, हे वेगळं. इथे हवा आत अडकून राहते. माझ्या वडिलांना कपालभातीने भोवळ आली होती. त्यापेक्षा पुढे वाकून कोपरं टेबलावर टेकवायची, नाकाने दोन अंक श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक सोडायचा.

मृद्गंध:
एकाला भोवळ आली म्हणून योगाला नावं ठेवू नका.

खारेवारे:
चूल बंद केलीत का? आमच्याकडे गॅस येऊन दहा वर्षं झाली, अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. सासूबाई ऐकत नाहीत.

सायली_क:
चूल बंद आहे. सांगायचं राहिलं, ऑक्सिजनचं मशीन आहे. २ लिटरवर असतं, ती घाबरली की मी ५ करते.

छातीफिजिओ:
ताई, ते आधी थांबवा. सीओपीडीत काहींच्या रक्तात जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो. अशांचा ऑक्सिमीटरचा आकडा साधारण ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. आईंसाठी आकडा किती, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.
आणि त्यांची धाप खोटी नाही. घाबरलं की श्वास भराभर होतो, हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते, म्हणून आणखी धाप, आणखी भीती. छोटा पंखा तोंडासमोर धरा, नाकावर आणि गालांवर वारा लागला की गुदमरल्यासारखं वाटणं कमी होतं. प्रशांत यांनी सांगितलेल्या चंबूच्या फुंकरीचा सराव दिवसा करून घ्या, रात्री नव्याने शिकवून जमत नाही. ओठ निळे पडले, गुंगी आली, वाक्य पुरं बोलता येईना, तर मात्र थेट १०८.

विहंग_२:
अल्प्राझोलाम (घबराटीवरची गोळी) अर्धी द्या, माझी आई घेते.

छातीफिजिओ:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, त्याने श्वास मंदावू शकतो. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही करा. लागेल तसा पंप दिवसातून किती वेळा होतो? त्यानेही छाती धडधडते, हात थरथरतात.

सायली_क:
दुपारी सराव घेतला. चंबू जमेना. मग म्हटलं, फुंकणीने जाळ फुलवायचीस तशी फुंक, फक्त हळू. लगेच जमलं. रात्री पावणेतीनला उठली, पंखा तिच्याच हातात दिला, मशीन २ वरच ठेवलं. वीस मिनिटांनी मनगट सोडलं. पंप मोजला, काल सात वेळा. जास्त आहे का?

छातीफिजिओ:
हो. सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.